सातवा घाणा

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत
सिमेंटच्या गोदामामागे आमची शेड.
दार लोखंडी, दुपारी हात लावायचा नाही.
हुसैनमिया पेवेकर टँकर मागे घेतात
आणि उतरायच्या आधीच खिडकीतून सांगतात :
"बत्तीस डबे. मल्याळ्याचं काळं,
पेशावरवाल्याचं त्याहून काळं,
आणि शाळेच्या कँटीनचं बघ,
अजून उजेड जातोय त्यातून."
वासावरून कळतं त्यांना
कुठल्या कढईत सुरमई पडली होती
आणि कुठे नुसतेच समोसे.
मंडणगडकडचे. इथे एकोणीस वर्षं,
खाडीची भरती-ओहोटी तरी अजून तोंडपाठ,
तिथल्या खाडीची.

तेल गाळायचं. पाणी उडेपर्यंत तापवायचं.
थेंबभर जरी राहिलं
तरी साबणाला निमित्त मिळतं.

कोळसा माझ्याकडे.
खजुराच्या बियांचा.
रमजानमध्ये शमसाने मशिदीच्या दारात पिंप ठेवलं,
वर स्वतःच्या हाताने लिहिलं : फक्त बिया.
लोक रोजा सोडायचे, बी चोखून त्यात टाकायचे.
तीस दिवसांत एकशे चाळीस किलो,
शिवाय एक चांदीची अंगठी आणि एक दाढ.
अंगठी तिने परत केली.
दाढेला मालक आला नाही.

बिया बंद भट्टीत. सहाशे अंश. हवा नाही.
आई फोनवर विचारते, "म्हणजे करपवायच्या?"
नाही गं. करपणं वेगळं.
"मग जाळायच्या?"
जळू तर द्यायचंच नाही.
"मग काय करता त्यांचं?"
मला शब्द सापडत नाही.
ती म्हणते, तळणीचं तेल मी फोडणीला घालते,
तुम्ही गाडीला घाला.

नंतर पोटॅशच्या पाण्यात भिजवून पुन्हा भट्टी.
बाहेर येतो तो हलका, भोकाभोकांचा,
फुंकर मारली तर माझ्याच तोंडावर येणारा.

उत्प्रेरक क्रिया घडवतो, स्वतः बदलत नाही.
दोन गुणांना लिहिलं होतं मी हे,
दोन्ही मिळाले होते.

पहिला घाणा सत्त्याण्णव टक्के.
वर सोनेरी, खाली काळपट ग्लिसरीन,
मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ.
दुसरा, तिसरा तसाच.
चौथ्याला रेघ जरा डळमळली.
पाचवा एक्क्याऐंशी.
सहावा मी वहीत पेन्सिलने लिहिला.
सातव्याला वर, खाली, मध्ये
एकच राखाडी लगदा.
तेल गेलं, तूप गेलं,
हाती साबण.

दर घाण्याला तो आपल्यातला पोटॅश
थोडा थोडा तेलात सोडत होता
आणि मी त्याला न बदलणारा समजून
चमच्याने मोजत होते.

शमसा ओरडली नाही.
अबाया गुडघ्यांत खोचून बादलीशेजारी बसली,
लगद्यात बोट फिरवलं, म्हणाली, फेस चांगला आहे.
हुसैनमियांनी कोपरापर्यंत हात धुतले,
पुन्हा धुतले, नखं बघितली.
"निघतंय की!"
मग माझ्या वहीकडे मान वळवून :
"पाच घाणे तर दिले ना त्यानं?
माझासुद्धा दर दोन वर्षांनी
शिक्का मारून नवा करतात.
ह्याचा नाही होत?"

होतो. धुवायचा, वाळवायचा,
पुन्हा पोटॅश, पुन्हा आग.
किती वेळा होतो
ते अजून कुणी सांगितलेलं नाही,
मी विचारलेलंही नाही.

आठवा घाणा संध्याकाळी लावला.
रात्रभर हलवायचा नाही,
सकाळी कळेल वर काय, खाली काय.
वही उघडी ठेवून मी बाहेर आले
तर हुसैनमिया निघाले होते,
टँकरमध्ये दुसऱ्या घाण्याचं इंधन,
मागे तळलेल्या माशाचा धूर,
आणि त्या धुरामागे, फाटकापर्यंत,
फाटकाच्याही पुढे,
गोदामाची तिन्ही मांजरं.